वळणानंतर गाडी एक सेकंद दम सोडते: निळा ब्लूटूथ स्कॅनर आणि एक मोठा स्कॅनर, दोन्हीचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, मी मेकॅनिक नाही, रोज गाडी चालवणारी बाई आहे. रिव्ह्यू आहे त्या काडेपेटीएवढ्या निळ्या ब्लूटूथ स्कॅनरचा, जो स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचायचा आणि मोबाईलवर इंजिनची माहिती बघायची. "मस्त आहे, वेळेत आलं, पाच स्टार" असं लिहून कुणाचं भलं होत नाही म्हणून ज्या दुखण्यासाठी तो घेतला ते दुखणंच आधी सांगते, रिव्ह्यू त्यातच येईल.

गाडी पेट्रोल, मॅन्युअल गिअर, पुढच्या चाकांना ताकद जाणारी, नऊ वर्षं जुनी. झालं काय की वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर मेल्यासारखी व्हायची. इंजिन बंद पडत नाही, धक्का नाही, खडखड नाही, नुसता पाय खाली जातोय आणि गाडी ढिम्म. एक सेकंद, फार तर दीड, आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात पळायला लागते. सरळ रस्त्यावर कितीही दाबा, काही नाही. चढावर नाही, ओव्हरटेक करताना नाही. फक्त वळणानंतर, आणि तेही रोज नाही. चौकात मागून ट्रक येत असताना तो एक सेकंद किती लांब असतो ते ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल.

तीन गॅरेज झाली. पहिल्याने पेट्रोलमध्ये कचरा असेल म्हणून सांगितलं आणि प्लग बदलले. दुसऱ्याने फ्युएल फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली, आणि खरं सांगते दोन दिवस मला वाटलंही की बरं झालं, पण ते मनाचे खेळ. तिसरा म्हणाला ताई क्लच प्लेट गेलीय, उघडूया का? क्लच घसरला तर इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी पळत नाही, माझ्याकडे तर आवाजही चढत नव्हता, म्हणून त्याला नाही म्हटलं. तिघांनीही ट्रायल घेतली ती गॅरेजसमोरच्या रस्त्यावर, आणि तो रस्ता सरळ! वळण न घेता वळणाचा रोग शोधत होते. इंजिनचा चेक लाईट कधी लागला नाही, त्यामुळे तिघांच्याही मशीनवर एकच उत्तर, कोड नाही, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाडाची नोंदच केलेली नाही. आणि कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही, असं धरूनच सगळे बोलत होते.

तेव्हा वैतागून निळा स्कॅनर मागवला.

बसवायला डोकं लागत नाही. सोळा पिनांचं सॉकेट पायाच्या वर कुठेतरी असतं, त्यात खोचा, इग्निशन ऑन करा, मोबाईलला पेअर करा, पिन विचारली तर १२३४ किंवा ०००० टाकून बघा. आयफोनवाल्यांनी मात्र घेताना नीट वाचा, जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ असलेला स्कॅनर आयफोनशी बोलत नाही, त्यांना लो एनर्जीवाला किंवा वायफायवाला लागतो, आणि वायफायवाला जोडला की बऱ्याचदा फोनचं नेट बंद पडतं, तो वेगळाच ताप. माझा अँड्रॉइड, त्यामुळे पाच मिनिटांत सुरू.

सॉकेटमधून तो जवळजवळ दोन इंच बाहेर येतो आणि माझ्या गुडघ्याला लागतो. क्लच दाबताना दोनदा ठेचला, एकदा निसटून मॅटवर पडला. नेहमीसाठी लावून ठेवू नका हे आणखी एका कारणासाठी, त्या सॉकेटला बॅटरीचा करंट कायम चालू असतो, इग्निशन बंद केलं तरी, आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर हे चिमुकलं बॅटरी चोखत बसतं.

आता चिपबद्दल थोडं, कारण जाहिरातीत सगळ्यात जास्त फसवाफसवी तिथे आहे. ईएलएम ३२७ ही मूळची एका कॅनेडियन कंपनीची चिप, बाजारातले स्वस्त स्कॅनर जवळपास सगळे तिची नक्कल. पाकिटावर व्हर्जन १.५ लिहिलेलं असतं, गंमत म्हणजे त्या कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. नक्कल म्हणजे लगेच कचरा असं नाही, माझाही नक्कलच आहे आणि काम करतो, पण व्हर्जनच्या आकड्यावर विश्वास ठेवून घेऊ नका, त्याच आकड्याखाली बरा मालही मिळतो आणि अर्ध्या कमांड न समजणारा मालही मिळतो.

पहिल्या दिवशी कोड वाचले. शून्य. पेंडिंग कोड, म्हणजे गाडीला संशय आहे पण अजून दिवा लावलेला नाही असे, तेही शून्य. इथेच बहुतेक लोक स्कॅनर डब्यात घालतात आणि रिव्ह्यूत एक स्टार देतात, आणि मला त्यांची चूक वाटत नाही, कारण पाकिटावर "गाडीचे सगळे फॉल्ट ओळखतो" असंच छापलेलं असतं. ते खोटं आहे. ही सगळी सिस्टीम, ओबीडी म्हणतात ती, जन्मालाच आली ती धुरासाठी, प्रदूषणाच्या कायद्यासाठी, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्यामुळे सगळ्या कंपन्यांना सारखी अशी जी भाषा ठरली ती इंजिनपुरती आणि धुरापुरती. ब्रेकचा एबीएस, गाडी घसरू न देणारं ईएसपी, एअरबॅग, यांचे कॉम्प्युटर वेगळे आणि प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. निळा स्कॅनर त्यांच्या दारावर टकटकसुद्धा करत नाही. तो फक्त इंजिनला विचारतो, बाबा तुझं काही दुखतंय का, आणि इंजिन खरं बोलतं, माझं काही दुखत नाही.

मग हा विकत घेऊन उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो कोड वाचण्यात नाही, ग्राफमध्ये आहे.

ॲपमध्ये चालू गाडीची माहिती रेकॉर्ड करता येते. मी पहिल्यांदा हावरटासारखे बारा आकडे निवडले, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), स्पीड, टेंपरेचर, हवा, व्होल्टेज, जे दिसेल ते, आणि गाडी नेमकी अडली तरी ग्राफमध्ये काहीच दिसेना. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. हा स्कॅनर एका वेळी एकच प्रश्न विचारतो, उत्तर आलं की दुसरा. बारा प्रश्न रांगेत लावले की प्रत्येकाची पाळी यायला दोन सेकंद लागतात, आणि माझं दुखणं एका सेकंदाचं. म्हणजे चोर आला आणि गेला आणि वॉचमन अजून पलीकडच्या गेटवर! मग सगळं काढून तीनच ठेवले, ॲक्सिलरेटर पेडलची पोझिशन, थ्रॉटलची पोझिशन आणि आरपीएम. स्वस्त स्कॅनर घेणाऱ्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी बास, तीन, फार तर चार.

आणि कृपा करून एकटीने गाडी चालवत मोबाईलकडे बघू नका. मी भावाला चालवायला बसवलं, मोकळं मैदान शोधलं, आणि मी शेजारी बसून रेकॉर्डिंग केलं. डावीकडे गोल, उजवीकडे गोल, सरळ, परत डावीकडे. चौथ्या फेरीला भाऊ म्हणाला, "अगं ताई, हे बघ, आत्ता मेली बघ." आणि तेव्हाच कळलं की हे फक्त डावं वळण घेतल्यावर होतंय. इतके महिने मी चालवतेय आणि माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

आता ग्राफ. भावाने पेडल दाबलं, पेडलची रेघ १५ वरून ४८ टक्क्यांवर. (पाय उचललेला असतानाही बऱ्याच गाड्या पेडल शून्य दाखवत नाहीत, १४-१५ दाखवतात, त्याने घाबरू नका, सेन्सर तसाच असतो.) आणि थ्रॉटलची रेघ? ती आधी वर निघाली आणि मग खाली येऊन १७ टक्क्यांवर आडवी. साधारण एक सेकंद. मग पेडलच्या मागे धावत वर.

हे बघितल्यावर मी पाच मिनिटं गप्प बसले होते. कारण आजकालच्या गाडीत पेडल आणि थ्रॉटल यांच्यात तार नसते, पाय फक्त मागणी करतो, झडप किती उघडायची ते कॉम्प्युटर ठरवतो. पेट्रोल पोचत नसतं तर झडप उघडी राहिली असती आणि ताकद आली नसती. इथे झडपच बंद केली जात होती, कोणीतरी मुद्दाम! म्हणजे प्लग, फिल्टर, पेट्रोल सगळे निर्दोष. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, तीन संन्यासी झाले होते आणि चौथी क्लच प्लेट रांगेत उभी होती. (डिझेलवाल्यांनी हा हिशोब जसाच्या तसा लावू नका, तिथे ताकद झडपेवर नाही तर किती डिझेल मारलं त्यावर ठरते.)

झडप मुद्दाम कोण बंद करतं? इंजिनला "जरा कमी कर" असं सांगायचा अधिकार ईएसपी आणि ट्रॅक्शन कंट्रोलला असतो. चाक जागेवर फिरतंय असं वाटलं की ते इंजिनचा जोर काढून घेतात. आणि इथे मला स्वतःच्याच कपाळावर हात मारावासा वाटला, कारण डॅशबोर्डवर ट्रॅक्शन बंद करायचं बटण आहे. गेली नऊ वर्षं आहे. ते दाबून आम्ही परत डावीकडे दहा फेऱ्या मारल्या, एकदाही गाडी अडली नाही. बटण परत चालू केलं, तिसऱ्या फेरीला अडली, आणि या वेळी डॅशकडेच बघत बसले होते म्हणून दिसलं की तो घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा अर्धा सेकंद लुकलुकतो. वळणात आपण रस्त्याकडे बघतो हो, डॅशकडे कोण बघतं!

तर हा फुकटचा सल्ला, काहीही विकत घ्यायच्या आधी मोकळ्या जागेत, हळू वेगात, ते बटण दाबून बघा. सगळ्या गाड्यांमध्ये ते ट्रॅक्शन पूर्ण बंद करत नाही, काहींत जास्त वेळ दाबून धरावं लागतं, आणि टेस्ट झाली की परत चालू करा, ते तुमचा जीव वाचवायला आहे. स्कॅनरच्या रिव्ह्यूत स्कॅनर न घेण्याचा सल्ला देणं विचित्र आहे, पण असू दे.

पुढचा प्रश्न, ईएसपीला चाक घसरल्यासारखं का वाटतंय? आणि इथे निळ्या स्कॅनरने हात टेकले. चार चाकांचे वेगवेगळे स्पीड त्याला वाचताच येत नाहीत. काही कंपन्यांच्या गाड्यांसाठी स्पेशल सॉफ्टवेअर आहेत, फोर्डवाल्यांना फोरस्कॅन, फोक्सवॅगन ग्रुपवाल्यांना व्हीसीडीएस, ती एबीएसमध्ये आतपर्यंत जातात. माझ्या गाडीला तसं काही मिळेना म्हणून मेव्हण्याच्या मित्राकडून मोठा स्कॅनर उसना आणला, वायरवाला, स्वतःचा स्क्रीन असलेला, सगळ्या सिस्टीम वाचणारा.

त्याचं कौतुक करायचं तर स्पीड. चारही चाकांचे आकडे सपासप बदलताना दिसतात आणि रेकॉर्डिंग मागेपुढे सरकवून बघता येतं. वैताग म्हणजे मेनू, एका गोष्टीपर्यंत पोचायला सहा-सात वेळा ओके दाबा, गाडीचं मॉडेल चुकीचं निवडलं तर सगळं पहिल्यापासून. अपडेटसाठी कॉम्प्युटरला जोडायला लागतो. आणि असा स्कॅनर घेणारच असाल तर पाकिटावर "ओबीडी २ सपोर्ट" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, तो निळ्यालाही आहे. एबीएस आणि ईएसपीची लाईव्ह माहिती तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी, नेमक्या वर्षासाठी मिळते का ते त्यांच्या यादीत शोधा. नाहीतर महागाचा निळा स्कॅनर घरात येईल.

जोडल्या जोडल्या एबीएसमध्ये कोड सापडला, सी अक्षराचा, मागच्या उजव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा, अधूनमधून सिग्नल जातो असा. किती महिने तिथे पडून होता देव जाणे. तीन गॅरेजांतल्या मशीन इंजिनलाच विचारत होत्या, यालाच कोणी विचारलं नाही.

मग मैदानावर परत फेऱ्या. डाव्या वळणात पुढचं डावं २२, पुढचं उजवं २५, मागचं डावं २१, हे सगळं बरोबर, बाहेरची चाकं जास्त फिरणारच. मागचं उजवं २४ च्या आसपास हवं, ते एकदम ९ वर आणि परत २४. आता ईएसपीच्या जागी स्वतःला ठेवून बघा, पुढची चाकं जोरात फिरतायत आणि मागचं एक सांगतंय गाडी तेवढी पळत नाहीये, म्हणजे पुढची घसरतायत, काढ इंजिनचा जोर! बिचारं ईएसपी आपलं काम चोख करत होतं, त्याला खोटी बातमी मिळत होती. आणि सगळी कोडी एकदम सुटली. डावीकडेच का, तर डाव्या वळणात वजन उजव्या चाकांवर येतं. ॲक्सिलरेटर दिल्यावरच का, तर पाय उचललेला असताना काढून घ्यायला जोर असतोच कुठे. सरळ रस्त्यावर का नाही, तर तिथे त्या चाकावर आडवं वजन येत नाही.

सेन्सर बदलायचा ना मग? इथे मी सुद्धा घाई केली असती, पण मेव्हण्याचा मित्र म्हणाला, "ताई, सेन्सर गेला असता तर सगळीकडे गेला असता, वळणातच जातोय तर बेअरिंग बघ." चाक उचलून वरून खालून धरून हलवलं, हलकासा प्ले, म्हणजे ढिलेपणा होता, हाताला जेमतेम जाणवेल एवढा. पुष्कळ गाड्यांमध्ये सेन्सर जी वाचतो ती मॅग्नेटची रिंग चाकाच्या बेअरिंगच्या सीलमध्येच असते, सेन्सर आणि रिंग यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर अंतर. बेअरिंग झिजलं, वळणात चाक तिरकं झालं, अंतर वाढलं, सिग्नल गेला. आणि हो, गेले काही महिने मागून एक घुंघुं आवाज यायचा, स्पीड वाढला की वाढायचा, तो मी टायरचा समजून रेडिओचा आवाज वाढवत होते.

बेअरिंग बदललं. त्यात एक गंमत ऐकायला मिळाली, प्रेस करून बसवायचं बेअरिंग उलटं बसवलं तर मॅग्नेटची बाजू सेन्सरकडे येतच नाही आणि नवीन बेअरिंग घालूनही एबीएसचा दिवा पेटून बसतो, मग सेन्सर बदला, वायर बदला असा नवीन फेरा सुरू. म्हणून बसवताना मी तिथेच उभी राहिले आणि दोनदा विचारलं, तो वैतागला, वैतागू दे. काम झाल्यावर मोठ्या स्कॅनरने एबीएसचा कोड पुसला, परत मैदान, परत डावीकडे वीस फेऱ्या, चारही रेघा एकमेकींना धरून. चार महिने झाले, एकदाही अडली नाही, घुंघुंही गेला.

कोड पुसण्यावरून आठवलं, निळ्या स्कॅनरमध्ये कोड पुसायचं बटण अगदी तोंडासमोर असतं आणि हात शिवशिवतात. इंजिनचा कोड असेल तर आधी त्याचा फ्रीझ फ्रेम बघा, म्हणजे कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, इंजिन किती गरम, हे गाडीने जपून ठेवलेलं असतं. पुसलं की ते पण जातं, सोबत गाडीच्या पूर्ण झालेल्या सेल्फ टेस्टही जातात, आणि मेकॅनिककडे जाल तेव्हा त्याच्या हाती कोरी पाटी.

एवढं वाचून "आमच्या गाडीचं पण बेअरिंगच" असं धरून चालू नका बरं. माझं झाल्यावर मैत्रिणीची गाडी बघितली, तक्रार शब्दाला शब्द तीच, वळणानंतर दम सोडते. तिथे निळ्या स्कॅनरवर अगदी उलटं चित्र. पेडल वर, थ्रॉटलही त्याच्यासोबत वर, म्हणजे कॉम्प्युटर काही रोखत नाहीये, तरी ताकद नाही. मग तिसरा आकडा आरपीएम काढून ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज लावला. जोरात दाबल्यावर तो ०.८ च्या आसपास हवा, तो ०.१ वर कोसळत होता, म्हणजे हवा भरपूर आणि पेट्रोल गायब. तिला विचारलं, टाकी किती भरलेली असते? म्हणाली, काटा लालच्या वर आहे तोवर मी पेट्रोल भरायला जातच नाही. टाकी फुल करून त्याच रस्त्याने गेलो, काही नाही! लांब वळणात पेट्रोल टाकीत एका बाजूला जातं आणि टाकीतल्या पंपाचं तोंड उघडं पडतं. खरं तर पंपाभोवती एक वाटीसारखं भांडं असतं, ते भरलेलं राहावं म्हणूनच असतं, तिचं बहुधा नीट भरत नव्हतं. पंप उघडून बघायचंय अजून, तोवर तिला सांगितलंय टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नकोस. एकच तक्रार, दोन गाड्या, आणि नुसत्या दोन रेघांनी कळलं की एकीला पेट्रोल मिळत नाही आणि दुसरीला परवानगी मिळत नाही. चाकाचं अलाईनमेंट केल्यावर हे सुरू झालं असेल तर आधी स्टिअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन विचारा, आणि ब्रेक लावून रेस दिल्यावर इंजिन जागेवर उडी मारत असेल तर इंजिन माउंट आणि तिथून जाणाऱ्या वायरी बघा, वळणात इंजिन झुकलं की त्या ताणल्या जातात.

स्टार द्यायचे तर निळ्याला साडेतीन. पाकिटावरच्या खोट्यासाठी एक कापला आणि गुडघ्यासाठी अर्धा. तीन आकड्यांचा ग्राफ काढायला उत्तम, कोड वाचायला ठीक, व्होल्टेज मात्र माझ्याकडे मल्टीमीटरपेक्षा अर्धा व्होल्ट कमी दाखवतो, त्यावर विसंबून बॅटरी बदलू नका. मोठ्याला चार, पण घरात एक गाडी असणाऱ्याने विकत घ्यायची वस्तू नाही, चार घरांत मिळून घ्या किंवा माझ्यासारखा उसना आणा. मोठा मी परत केला. निळा मैत्रिणीकडे आहे, तिने त्यावर आता नवऱ्याच्या गाडीचं ॲव्हरेज बघायला सुरुवात केलीय आणि तिच्या पंपाचं काम अजून तिथेच आहे.